म्हणणे घेण्याची आवश्यकता नाही

सातव्या फाइलीच्या दुसऱ्या पानावरचं अक्षर आपलं आहे हे विक्रमला आधी कळलंच नाही. आधी ते त्याला नुसतं आवडलं. उजवीकडे किंचित झुकलेलं, शिरोरेषा एका दमात ओढलेली, जोडाक्षरांना ऐसपैस जागा दिलेली. असं अक्षर हल्ली कोण काढतं, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं आणि त्याच वेळी गार्गी मॅडम ते वाक्य मोठ्यानं वाचत होत्या. 'सदर इसमास स्वतःचे बरे-वाईट कळत नसल्याने त्याचे म्हणणे घेण्याची आवश्यकता नाही.' सुरुवातीच्या दोन शब्दांपर्यंत तो ऐकणारा होता. वाक्य संपेपर्यंत लिहिणारा झाला. मधे कुठेतरी, कदाचित 'बरे-वाईट'पाशी, पायरी आहे असं समजून टाकलेला पाय सपाट जमिनीवर आपटावा तसं झालं. चहाचा कप तोंडाशी नेला होता तो त्यानं तसाच खाली ठेवला, आणि ठेवताना आवाज होऊ नये याची काळजी घेतली. ही काळजी आपण का घेतली हे मात्र त्याला समजलं नाही. कपाच्या आवाजावरून अक्षर कुणाचं हे कुणाला थोडंच कळणार होतं?

"या वकिलाला शोधून हे वाक्य फ्रेम करून द्यायला हवं," मॅडम म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. त्यांची चाकांची खुर्ची टेबलाला भिडलेली होती, आणि चिडल्या की त्या ती चार बोटं मागं घेत तशी त्यांनी आताही घेतली. शेजारच्या खुर्चीतल्या चिन्मयीनं, त्याच्यासोबतच्या दुसऱ्या फेलोनं, पान मागून घेतलं. तिला फार जवळूनच दिसतं, म्हणून ती कागद जवळजवळ नाकाला लावून वाचते, वास घेतल्यासारखा. "पण घाई नाहीये हो या माणसाला," ती पानाआडून म्हणाली. "खाडाखोड एकही नाही. मन लावून लिहिलंय." विक्रमला वाटलं, ती आता पान खाली घेईल आणि आपल्याकडे बघेल. तिनं पान खाली घेतलं आणि भिंग शोधायला पर्स उघडली.

मनीषनगरातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. तळमजला अर्थातच मॅडमच्या खुर्चीसाठी. अपंगांच्या हक्कांच्या कायद्याची ही दोन वर्षांची फेलोशिप मॅडम इथं चालवत, सनद घेऊन पाच वर्षं न झालेल्या वकिलांसाठी. विक्रमला ती मिळून चार महिने झाले होते. त्याआधी तो जिल्हा न्यायालयात एका सीनियरच्या मागं फाइली घेऊन हिंडत होता आणि तारखा घेत होता. अर्जासोबत निबंध मागितला होता. त्याचं पहिलं वाक्य त्यानं असं लिहिलं होतं: मला कायदा माझ्या मोठ्या भावाने शिकवला. मुलाखतीत मॅडमनी ते वाक्य त्याला परत वाचून दाखवलं आणि म्हणाल्या होत्या, "हे खरं असेल तर फार चांगलं आहे. नुसतंच चांगलं असेल तर मात्र कठीण आहे." तेव्हा तो हसला होता. ते खरं होतं की नुसतं चांगलं होतं, याचा विचार मुलाखतीतून बाहेर पडल्यावर करू असं त्यानं ठरवलं, आणि बाहेर पडल्यावर निवड झाल्याचाच आनंद इतका होता की ते राहूनच गेलं. आता चार महिन्यांचं काम म्हणजे या तेवीस फाइली. प्रौढ माणसांवर कायदेशीर पालक नेमल्याचे हुकूम. कुणाकुणाला विचारून नेमले आणि कुणाला न विचारता, हे पाहायचं, आणि सगळ्यांत वाईट तीन निवडून त्यांना आव्हान द्यायचं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज विक्रमनंच लिहिला होता. 'मागील पाच वर्षांतील सर्व.' पाच का? पाच हा आकडा गोल वाटतो म्हणून. तीन लिहिलं असतं तरी चाललं असतं, मॅडम तीनच म्हणाल्या होत्या. आपल्या घरचा कागद चार वर्षांपूर्वीचा, तो या पुडक्यात येणार, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. का आलं नाही? अर्ज लिहिताना तो वकील होता, म्हणून? आणि घरचा कागद लिहिताना काय होता? फाइली आल्या तेव्हा सगळी नावं जाड काळ्या शाईनं मारलेली होती. अर्जदाराचं नाव काळं, मुलाचं काळं, गाव काळं. अक्षर मात्र काळं करायचं कुणाला सुचत नाही.

"पाच वाजेपर्यंत मला तिघांची नावं, म्हणजे नंबर, दिल्लीच्या मुख्य ऑफिसला कळवायचेत," मॅडम म्हणाल्या. "सात नक्की. एकोणीस नक्की. तिसरी तुम्ही दोघं ठरवा. विक्रम, तुमचं काय? सातबद्दल?" त्यानं ऐकलं की आपण म्हणतोय, "हो, सात वाईट आहे." आवाज अगदी सरळ आला. मग तोच आवाज म्हणाला की आईला बरं नाही, अर्धा दिवस सुटी हवी होती. आईला काहीही झालेलं नव्हतं. हे खोटं बोलायची गरज होती का, हेही त्याला कळेना. नुसतं काम आहे म्हटलं असतं तरी त्यांनी जाऊ दिलं असतं.

बर्डीच्या स्टँडवर बऱ्याच बसगाड्या सोडून देऊन तो खापरखेड्याच्या बसमध्ये चढला, ती निघाली तेव्हा तीन झाले होते. नोव्हेंबरचं ऊन खिडकीतून मांडीवर पडलं होतं, सुखद म्हणावं असं, आणि त्या सुखाचाही त्याला त्रास होत होता. मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो होता. कधी काढला? चिन्मयी भिंग शोधत होती तेव्हा बहुतेक. तो फोटो मोठा करून पाहू लागला. एका रकान्यात, काम: कोणतेही काम करण्यास असमर्थ. पण पिंटू, त्याचा मोठा भाऊ, तेव्हा दादाजी टेलरच्या दुकानात काज-बटणाचं काम करत होता. वीज केंद्राच्या कामगारांचे खाकी शर्ट ढिगानं यायचे आणि त्यांची बटणं पिंटू लावायचा, सावकाश, पण अशी की शर्ट फाटेल, बटण निघणार नाही. हे विक्रमला माहीत नव्हतं असं नाही. लिहिताना त्यानं खोटं लिहिलं असंही नाही. बाररूममध्ये बसून दहा मिनिटांत, एका जुन्या नमुन्यावरून, ते लिहून झालं होतं. सनद मिळून महिना झाला होता, स्वतःच्या हातानं लिहिलेला तो पहिला कागद. नमुन्यात 'असमर्थ' होतं म्हणून असमर्थ. वाक्यांना वजन हवं म्हणून वजन. बाबांच्या मागं निवृत्तिवेतन पिंटूच्या नावे चालू राहायचं तर असा कागद हवा, असं ऑफिसातल्या कुणीतरी बाबांना सांगितलं होतं. बाबा बॉयलरवर फिटर, कागदाला भिणारे. "आपल्या घरात वकील आहे आता," असं ते त्या आठवड्यात तीन जणांना म्हणाले होते. पण सगळं नमुन्यातूनच आलं असंही म्हणता येत नव्हतं. त्याला आठवलं की नमुन्यात 'म्हणणे घेतले नाही' एवढंच होतं. 'आवश्यकता नाही' हे त्याचं स्वतःचं. ते लिहून झाल्यावर त्यानं वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं होतं, आणि ते त्याला चांगलं वाटलं होतं.

पालक नेमणाऱ्या समितीसमोर जायच्या दिवशी तो घरी मोटारसायकल घेऊन आला तेव्हा पिंटू ओसरीवरच्या खुर्चीत बसला होता. आंघोळ, पावडर, भांग, इस्त्रीचा शर्ट, बूट. आई त्याला म्हणाली होती, तुह्या नावाचं काम आहे आज हापिसात. तो सातपासून तयार होता. विक्रम म्हणाला, "तुह्यं काही काम नाही पिंटू तिथं, आम्ही येतो करून," आणि हे म्हणताना त्यानं पिंटूच्या खांद्यावर थोपटलं. प्रेमानंच थोपटलं. ते तीन वाजता परत आले तेव्हा पिंटू त्याच खुर्चीत होता, जेवलेला नव्हता, आणि त्यानं विचारलं, "झालं?" बाबा म्हणाले, झालं. ही गोष्ट एवढीच. हिच्यात कुणी कुणाला मारलं नाही, कुणी रडलं नाही. निबंध लिहिताना त्याला भावाविषयी कितीतरी प्रसंग आठवले होते, हा आठवला नव्हता. की आठवला होता, आणि निबंधात कुठे बसत नव्हता म्हणून सोडून दिला? कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी डावीकडे आली आणि मागं गेली. पुढं खापरखेड्याची, घरची, दिसू लागली. लहानपणी तो आणि पिंटू धुराड्याच्या धुरावरून वारा कुठला ते सांगायचे. पिंटू बहुतेक वेळा बरोबर सांगायचा, पण सांगेपर्यंत विक्रमनं स्वतःचं चुकीचं उत्तर देऊन खेळ संपवलेला असायचा.

आई ओट्यावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडत बसली होती, वड्यांसाठी. "काहून आला गा अवेळी?" ती म्हणाली. "जेवला का? तोंड पाय कसं झालं. काढून तर नाही टाकलं नवीन नोकरीतून?"

"नोकरी नाही वं ते. बाबा कुठं गेले?"

"बँकेत. पेन्शनीसाठी, जिवंत हावो म्हणून सांगाले." ती हसली. "मी म्हटलं, फोनवर सांगून देतो ना मी, हाय म्हणा धडधाकट, सकाळीच भांडले माह्याशी. तर म्हणे नाही चालत, स्वतःच जा लागते. दुसऱ्याचं आयकत नाहीत म्हणे ते."

 विक्रमनं एक जुडी उचलली आणि काड्या मोडू लागला. आतल्या खोलीत पिंटू पलंगावर पाठमोरा बसलेला दिसत होता, चौतीस वर्षांची रुंद पाठ, मान खाली. "काय करून राहिला तो?" त्यानं विचारलं.

"बटनं काढून राहिला. मंग लावीन. घरातल्या साऱ्या शर्टाची काढते अन् लावते, काढते अन् लावते. तुह्या बाबाचा तो निळा शर्ट या महिन्यात तिसऱ्यांदा." तिनं आवाज खाली आणला. "परवा दादाजी आला होता त्याले बोलवाले. दुकान रस्त्याच्या पल्याड नेलं ना त्यानं, तवापासून बाबानं बंद केलं याचं जाणं. दादाजी म्हणे, मी स्वतः आणतो-नेतो. तर तुह्या बाबानं कपाटातून तो कागद काढला. लॅमिनेशन केलं हाय त्याले. म्हणे, हे पाय, माह्या वकील पोट्ट्यानं लिहून देल्लं, साहेबाचा शिक्का हाय, याले कोनतंच काम जमत नाही. तर दादाजी म्हणते, मंग सहा वर्षं माह्या दुकानात बटनं कोन लावे, भूत?"

"मंग?"

"मंग काय. चहा पेला अन् गेला."

"तू काही म्हणाली नाही?"

"मी काय म्हणू?" आईनं निवडलेला सांबार टोपलीत झटकला. "त्या रस्त्यानं राखेचे ट्रक कसे जातेत ते पाय एकदा उभा राहून. मागच्या साली मोटारसायकलनं पाडलं त्याले, तवा तू होता का? बाबा त्याले उचलून दवाखान्यात धावले, छातीत दुखून राहिलं होतं तरी. घरी बसला तर बरं वाटते मले. अन् त्याची पाठ अशी पायली का बरं नाही बी वाटत. तूच सांग, तू शिकेल हाय."

त्यानं सांगायला हवं होतं. गेल्या चार महिन्यांत तो हेच शिकत होता, पुस्तकं, निकाल, मॅडमचं बोलणं, आणि इतर कुणाच्या आईनं विचारलं असतं तर त्यानं अर्धा तास सांगितलं असतं. निर्णय घेण्यात मदत करायची, निर्णय काढून घ्यायचा नाही. वाक्य डोक्यात तयार होतं आणि ते या ओट्यावर, या टोपलीपाशी उच्चारलं तर कसं ऐकू येईल तेही त्याला ऐकू येत होतं. तो म्हणाला, "तो कागद बदलता येते, आई. चूक आहे त्याच्यात." आईनं हात थांबवले. "चूक कोनाची?" ती म्हणाली. आणि मग, तो काही म्हणायच्या आत, "आमच्या मागं त्याचं कोन पाहीन, ते लिहून हाय ना त्याच्यात? का तू पाहशीन, मनीषनगरातून?" ती चिडली नव्हती. तिनं नेहमीच्या, भाजीत मीठ आहे का असं विचारायच्या आवाजात विचारलं होतं, आणि म्हणूनच तो उठून आत गेला.

पिंटूनं त्याच्याकडे बघून मान हलवली आणि पलंगावर सरकून जागा करून दिली. मांडीवर बाबांचा निळा शर्ट होता, चार बटणं चादरीवर ओळीनं मांडलेली. विक्रम बसला. घरात पिंटूला कुणी दादा म्हणत नव्हतं. पाच वर्षांनी लहान असून विक्रमही नाही. काहीतरी वेगळं म्हणून सुरुवात करावी असं त्याला वाटलं, पण आजच दादा म्हटलं असतं तर ते लाच दिल्यासारखं झालं असतं. "पिंटू," तो म्हणाला, "तुह्याशी काम होतं." पिंटू सुईत दोरा ओवत राहिला. ओवून झाल्यावर म्हणाला, "सांग."

विक्रमनं मोबाइल काढला. बाबांच्या कपाटातल्या त्या कागदाबरोबर दिलेला अर्ज आहे, त्यात काय लिहिलंय ते वाचतो, असं म्हणाला. वाचायला लागला आणि दुसऱ्याच ओळीला त्याच्या लक्षात आलं की तो वाचत नाहीये, बदलतोय. 'असमर्थ'चं त्यानं 'अडचण येते' केलं होतं. तो थांबला.  पिंटू वाट बघत होता, सुई हवेत धरून. मग विक्रमनं ते जसंच्या तसं वाचलं, पहिल्यापासून, कोर्टात वाचतात तसं सपाट, आणि ते वाक्य आलं तेव्हा तेही वाचलं.

"इसम कोन?" पिंटूनं विचारलं.

"तू."

"अन् मंग?"

"म्हणजे... तुले काही विचाराची गरज नाही, असं लिहून आहे."

बाहेर आईनं टोपली उचलल्याचा आवाज आला, पण ती आत आली नाही. दाराशीच कुठेतरी थांबली असावी. पिंटूनं एक बटण घेतलं, शर्टावर ठेवलं, उचललं. "कोनं लिहिलं?"

"मी."

"बाबानं?"

"बाबानं सही केली. लिहिलं मी."

पिंटूच्या चेहऱ्यावर काय आलं हे विक्रमला नीट वाचता आलं नाही. राग असता तर बरं झालं असतं. चेहरा काहीतरी जड उचलताना होतो तसा झाला होता, आणि तसाच राहिला. विक्रम बोलत सुटला. हा कागद बदलता येतो. बदलायचा तर अर्ज करावा लागेल. तुला तिथं जावं लागेल, साहेबांसमोर बसून बोलावं लागेल, ते विचारतील ते सांगावं लागेल. माझ्या मॅडम आहेत, त्या येतील. मग कदाचित दादाजीच्या दुकानात जाता येईल. कदाचित नाही येणार. बाबा चिडतील. पैशाचं थोडे दिवस अडेल बहुतेक, मला नक्की माहीत नाही. हे सगळं तो त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होता, आणि बोलता बोलता त्याला जाणवलं की 'मले माहीत नाही' हे त्यानं पाच-सहा वेळा म्हटलं. फेलोशिपच्या मुलाखतीत ते एकदाही म्हटलं नव्हतं. "तर," तो शेवटी म्हणाला, "बदलाचा का पिंटू? तू सांगशीन तसं."

पिंटूनं काही सांगितलं नाही. उत्तर यायला त्याला वेळ लागतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळेच त्या वेळात दुसरं कुणीतरी उत्तर देऊन टाकत असे. आई देई, बाबा देत, सगळ्यांत आधी विक्रम. आताही त्याच्या जिभेवर तीन उत्तरं आली. हो म्हणतोय. घाबरलाय. समजलं नाही त्याला. तिन्ही खरी असू शकत होती. त्यानं दातांमागं जीभ धरली, अक्षरशः, आणि खिडकीच्या गजांची सावली पलंगावरून खाली सरकत होती तिकडे पाहत राहिला. पिंटूला कळलंय का? कळलं असेल तर त्याला माझा तिरस्कार वाटत असेल का? नसेल कळलं तर त्या वाक्यात काय खोटं होतं? आणि त्यानं नको म्हटलं तर? बाबाच बरोबर, घरीच बरं, असं म्हटलं तर मॅडमना काय सांगायचं, की आम्ही विचारलं आणि त्याला न विचारलेलंच आवडतं? या विचाराला त्याला हसू आलं आणि ते त्यानं लगेच गिळलं.

फोन वाजला. मॅडम. पाचला दहा मिनिटं होती. तो कापणार होता, पण बोट भलतीकडेच सरकलं. "विक्रम, आई कशी आहे? सात आणि एकोणीस पाठवतेय, तिसरी बावीस घ्यायची असं चिन्मयी..."

"मॅडम, सात माझी आहे."

"तुमची म्हणजे? तुम्ही बघणार ती?"

"माझ्या भावाची आहे. अक्षर माझं आहे. ते वाक्य मी लिहिलंय."

पलीकडे चाकं मागं सरकल्याचा बारीक आवाज झाला, की त्याला तसं वाटलं.  मग, "हे सकाळी सांगायला हवं होतं."

"हो."

"तुमच्या फेलोशिपचं काय करायचं, ते मला आत्ता कळत नाही. खरंच कळत नाही." त्यांचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "फाइल पाठवायची की नाही, तेही. भाऊ काय म्हणतात तुमचे?"

"आत्ताच विचारलं. अजून काही बोलला नाही."

"मग फोन कशाला उचललात?" मॅडम म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "बोलू दे त्यांना. मी आहे फोनवर. दिल्लीचं बघते मी."

विक्रमनं मोबाइल चादरीवर ठेवला, बटणांच्या पलीकडे. स्क्रीनवर सेकंद पुढं सरकत होते. दाराच्या चौकटीत आईच्या लुगड्याचा काठ दिसत होता. इतकी माणसं पिंटूच्या बोलण्याची वाट बघत थांबलीत असं या घरात पूर्वी कधी झालं असेल तर विक्रमला ते आठवत नव्हतं. पिंटूनं सुई शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवली. तोंड उघडलं, मिटलं. मग तो सरळ विक्रमकडे पाहून म्हणाला, "बाबाले कोन सांगन?"

विक्रमनं बोलायला तोंड उघडलं. फाटक वाजलं का? नाही, शेजारचं. बाबा आता बसमध्ये असतील. आपण जिवंत असल्याचं स्वतः जाऊन सांगून, खूश होऊन येत असतील. मी सांगतो, असं म्हणायचं होतं, आणि ते म्हणण्याइतकं सोपं दुसरं काही नव्हतं, आणि ते खरं ठरेल की नुसतं चांगलं वाटेल हे त्याला ठरवता येईना. मोबाइलमधून मॅडमनी हळूच विचारलं, "काय म्हणाले?" तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. पिंटू त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याला काहीच घाई नव्हती.